शृंगाश्वाचे शिंग कसे ठरते: काल्पनिक प्रजातीची आनुवंशिकता रचणाऱ्या नवख्यांसाठी मार्गदर्शक

एकशिंगी घोड्यासारखी एखादी प्रजाती कथेसाठी, खेळासाठी किंवा चित्रमालिकेसाठी रचायला घेतली, की पहिल्या पिढीपर्यंत सारे सुरळीत चालते. खरी अडचण दुसऱ्या पिढीत येते. सरळ शिंगाचा नर आणि पीळदार शिंगाची मादी यांच्या शिंगराला कोणते शिंग यावे, दोन भुंड्या आईबापांच्या पोटी शिंगाचे पिल्लू जन्मू शकते का, असे प्रश्न एकामागून एक समोर येतात आणि दर वेळी मनाला येईल ते उत्तर दिले, तर चार-पाच पिढ्यांतच वंशावळीत विसंगती दिसू लागते. चोखंदळ वाचकाच्या नजरेतून ती सुटत नाही. तीन-चार जनुके, त्यांचा पक्का क्रम आणि थोडा गुणाकार एवढ्या सामग्रीवर मात्र दहा पिढ्या टिकेल अशी पद्धत उभी करता येते.

या लेखात नमुन्यादाखल ‘शृंगाश्व’ नावाची प्रजाती घेतली आहे. तिचे नियम काल्पनिक आहेत, परंतु त्यातील जवळजवळ प्रत्येक नियमाला गुरे, मेंढ्या, शेळ्या किंवा गोगलगायी यांच्यात आढळलेल्या वास्तवाचा आधार आहे. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: जनुकांची संख्या वाढवण्याआधी कोणते जनुक कोणाच्या आधी काम करते, हे ठरवून घ्यावे.

पायरी 1: शिंग कशाचे आहे ते ठरवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि पुढे त्याचा त्रास होतो. गाय, मेंढी, शेळी किंवा काळवीट यांच्या शिंगाच्या आत हाडाचा गाभा असतो आणि त्यावर केराटिनचे आवरण असते. हेच प्रथिन नखांत, केसांत आणि खुरांत असते. असे शिंग एकदा आले की कायमचे राहते. सांबर आणि चितळ यांची फाटे असलेली शिंगे मात्र निव्वळ हाडाची असतात आणि ती गळून पुन्हा उगवतात. गेंड्याच्या शिंगाला हाडाचा गाभाच नसतो. ते पूर्णपणे केराटिनचे असते आणि नाकाच्या मध्यरेषेवर वाढते. चित्रांतल्या एकशृंग्याला ज्याच्यावरून पीळदार शिंग मिळाले, त्या नार्व्हाल या सागरी प्राण्याचे ‘शिंग’ तर शिंगच नाही. तो वरच्या जबड्यातील डावा सुळा आहे.

या निवडीवर पुढचे सारे अवलंबून असते. गळणारे शिंग निवडले तर लांबी दर वर्षी नव्याने ठरवावी लागेल. दात निवडला तर शिंगाचे जनुक म्हणजे जबड्याचे जनुक होईल आणि त्यातील बिघाड चावण्यावरही परिणाम करील. शृंगाश्वासाठी मी हाडाचा गाभा आणि केराटिनचे आवरण हा पहिला प्रकार घेतला आहे, कारण त्याच्या आनुवंशिकतेचा अभ्यास सर्वांत जास्त झालेला आहे.

आता एक शिंग मधोमध कसे येईल, हा प्रश्न उरतो. 1933 साली अमेरिकेतील मेन विद्यापीठातील जीवशास्त्रज्ञ फ्रँकलिन डव्ह यांनी नुकत्याच जन्मलेल्या एका वासराच्या डोक्यावरील शिंगांचे दोन्ही अंकुर सोडवून कपाळाच्या मध्यभागी शेजारी-शेजारी लावले. शिंगाचा अंकुर सुरुवातीला कवटीचा भाग नसतो. तो वरच्या ऊतीत तयार होतो आणि नंतर कवटीशी सांधला जातो, म्हणूनच तो हलवता आला. पुढे ते दोन्ही अंकुर एकमेकांत मिसळले आणि त्या बैलाला एकच भक्कम शिंग आले. त्याची संतती मात्र दोन शिंगांचीच झाली असती, कारण शस्त्रक्रियेने जनुके बदलत नाहीत. आपल्या प्रजातीत शस्त्रक्रियेचे हे काम एखाद्या जनुकाने गर्भावस्थेतच करायला हवे. शृंगाश्वाचा आराखडा मी याच विचारावर बेतला आहे.

पायरी 2: चिन्हांची पद्धत एकदाच ठरवा

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडून आणि एक वडिलांकडून येते. या प्रती वेगवेगळ्या रूपांच्या असू शकतात, त्यांना युग्मविकल्पी म्हणतात. एका प्रतीनेही ज्याचा परिणाम दिसतो ते रूप प्रभावी, आणि परिणाम दिसण्यासाठी ज्याच्या दोन्ही प्रती लागतात ते अप्रभावी. येथे काना असलेले अक्षर प्रभावी रूपासाठी आणि काना नसलेले अप्रभावी रूपासाठी वापरले आहे, आणि दोन प्रतींमध्ये तिरकी रेघ दिली आहे. प्राण्याच्या अंगी असलेली जनुकांची जोडी म्हणजे जनुकविधा, आणि डोळ्यांना दिसणारे लक्षण म्हणजे स्वरूपविधा. वंशावळ लिहिताना या दोन्हींचे रकाने पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावेत.

पायरी 3: शिंग आहे की नाही – ‘भ’ जनुक

सर्वसाधारण समजूत अशी असते की शिंग असणे हे प्रभावी आणि नसणे अप्रभावी. गुरांमध्ये नेमके उलट आढळते. भुंडेपण ठरवणारे जनुकीय बदल गुरांच्या पहिल्या गुणसूत्रावर आहेत आणि ते प्रभावी आहेत. म्हणजे भुंडेपणाची एकच प्रत मिळाली तरी जनावर भुंडे होते. शृंगाश्वासाठी हीच व्यवस्था घ्यावी असे मी सुचवतो. ‘भा’ म्हणजे भुंडेपण, ‘भ’ म्हणजे शिंग. मग भा/भा आणि भा/भ हे दोन्ही भुंडे आणि फक्त भ/भ शिंगाचा.

यातून निघणारा निष्कर्ष नवख्याला आधी चमत्कारिक वाटतो, पण कथेच्या दृष्टीने फार उपयोगी आहे. दोन शिंगाच्या शृंगाश्वांना भुंडे शिंगरू कधीच होणार नाही, कारण त्यांच्याकडे द्यायला ‘भा’ नाहीच. याउलट दोन भुंड्या आईबापांकडे ‘भ’ लपलेला असेल, तर त्यांच्या पोटी शिंगाचे शिंगरू जन्मू शकते, आणि दोघेही भा/भ असतील तर दर शिंगराच्या वेळी ही शक्यता चारात एक असते. ज्या कळपात कित्येक पिढ्या शिंग दिसलेले नाही, तिथे अचानक शिंग उगवण्यासाठी कोणत्याही शापाची किंवा वरदानाची गरज पडत नाही.

पायरी 4: एक की दोन – ‘ज’ जनुक

डव्ह यांनी हाताने केलेले काम आपल्या प्रजातीत ‘ज’ म्हणजे जोड-जनुक करते. ‘जा’ या रूपामुळे गर्भातील दोन अंकुर मध्यरेषेवर येऊन एक होतात. ‘ज’ या रूपामुळे ते आपापल्या जागी राहतात. ‘जा’ प्रभावी आहे, म्हणून जा/जा आणि जा/ज एकशिंगी आणि ज/ज दुशिंगी. अंकुरांची संख्या आणि जागा एखाद्या जनुकाने बदलावी यात अतिशयोक्ती काही नाही. चार शिंगांच्या मेंढ्या प्रत्यक्षात आहेत. जेकब मेंढी हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे, आणि तिच्यातील जादा शिंगांचा संबंध शरीराची मांडणी ठरवणाऱ्या ‘हॉक्स’ कुळातील एका जनुकाशी असल्याचे 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले.

इथे क्रमाचा मुद्दा येतो. भुंड्या शृंगाश्वाच्या अंगीही ‘ज’ जनुक असतेच. अंकुरच वाढत नसल्यामुळे त्याचा परिणाम दिसत नाही इतकेच. एका जनुकाने दुसऱ्याचा परिणाम असा झाकून टाकला, की ओळखीची गुणोत्तरे बदलतात. भा/भ जा/ज अशा नर-मादीची जोडी घ्या. दोघेही भुंडे आहेत. दोन्ही जनुके वेगवेगळ्या गुणसूत्रांवर आहेत असे मानले, तर प्रत्येकाचे युग्मक, म्हणजे प्रत्येक जनुकाची एकच प्रत वाहणाऱ्या प्रजननपेशी, चार प्रकारचे होतात: भा-जा, भा-ज, भ-जा आणि भ-ज. चार ओळी आणि चार स्तंभांची पनेट चौकट कागदावर आखून सोळा घरे भरली, की बारा घरांत किमान एक ‘भा’ येतो, म्हणजे ती शिंगरे भुंडी. उरलेल्या चार घरांत भ/भ आहे. त्यांपैकी तिघांत ‘जा’ आहे आणि एकात ज/ज. गुणोत्तर 12:3:1 असे येते. ही चौकट एकदा स्वतःच्या हाताने भरून पाहावी, कारण ती भरताना जे समजते ते नुसते वाचून समजत नाही. मेंडेल यांनी वाटाण्यात दाखवलेले 9:3:3:1 हे गुणोत्तर इथे चुकलेले नाही. 9:3:3:1 मधील पहिला नऊचा गट आणि ज/ज असलेल्या भुंड्या शिंगरांचा तीनचा गट बाहेरून सारखेच दिसतात, म्हणून त्यांची बेरीज बारा झाली आहे.

तेव्हा भुंडे शृंगाश्व कथेतून वगळू नयेत. एखाद्या लुप्त झालेल्या शिंगप्रकाराचा वारसा सर्वांत सुरक्षितपणे तेच वाहत असतात.

पायरी 5: नर आणि मादी यांतील फरक

लिंगानुसार शिंग वेगळे दाखवायचे असेल, तर तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत करू नये. लिंगसंलग्न जनुक हे लिंग-गुणसूत्रावर बसलेले असते. लिंगमर्यादित लक्षण दोघांकडे जनुक असूनही एकाच लिंगात दिसते. लिंगप्रभावित लक्षणात जनुक नेहमीच्या गुणसूत्रावर असते, पण एकच प्रत नरात परिणाम दाखवते आणि मादीत दाखवत नाही.

शिंगांच्या बाबतीत बहुतेकदा तिसरी गोष्ट हवी असते. डॉर्सेट हॉर्न या मेंढ्यांत नर-मादी दोघांनाही शिंगे असतात, सफोक मेंढ्यांत दोघांनाही नसतात, आणि या दोन जातींच्या संकरातून झालेल्या पिल्लांची जनुकविधा शिंगांच्या बाबतीत सारखीच असूनही नरांना शिंगे येतात आणि मादी भुंड्या राहतात. शृंगाश्वासाठी मी याचे सौम्य रूप वापरतो. भा/भ जनुकविधेची मादी पूर्ण भुंडी असते, तर त्याच जनुकविधेच्या नराच्या कपाळावर कवटीला न जोडलेला, हाताने हलणारा लहानसा खुंट येतो. भुंड्या गुरांमध्येही असे सैल खुंट कधीकधी आढळतात. या एका नियमामुळे नराच्या अंगातील लपलेला ‘भ’ हाताने चाचपून ओळखता येतो. मादीच्या बाबतीत मात्र तो तिच्या शिंगरांवरूनच ओळखावा लागतो.

पायरी 6: पीळ आणि त्याची दिशा

पीळ ठरवणाऱ्या ‘प’ जनुकासाठी अपूर्ण प्रभावीपणा सर्वांत शोभतो. लाल आणि पांढऱ्या गुलबक्षीच्या संकरातून गुलाबी फुले येतात, त्याच रीतीने पा/पा म्हणजे घट्ट पीळ, पा/प म्हणजे सैल पीळ आणि प/प म्हणजे सरळ शिंग. यात लपलेले काही राहत नाही. शिंग पाहिले की जनुकविधा कळते. सैल पिळाच्या दोघांची जोडी लावली तर घट्ट, सैल आणि सरळ यांचे प्रमाण 1:2:1 असे येते, म्हणून सैल पिळाचा शुद्ध वंश कधीच तयार होत नाही, ही गोष्ट कथेतल्या पैदासकारांना कळायला थोडा वेळ लागू द्यावा.

पिळाच्या दिशेचा विचार फारसा कोणी करत नाही, पण मला हा भाग सर्वांत रोचक वाटतो. दुशिंगी प्राण्याची दोन्ही शिंगे एकमेकांची आरशातील प्रतिमा असतात. उजवे एका बाजूला वळते आणि डावे त्याच्या उलट. हे दोन्ही अंकुर एक झाले, तर पीळ कोणत्या बाजूला जाईल? नार्व्हालचा दात नेहमी डावीकडेच वळतो. आपण मात्र गोगलगायीकडून नियम उसना घेऊ शकतो. गोड्या पाण्यातील लिम्निया गोगलगायीच्या शंखाचा पीळ उजवा की डावा, हे तिच्या स्वतःच्या जनुकांवर ठरत नाही; ते तिच्या आईच्या जनुकांवर ठरते, कारण अंड्याच्या पहिल्या विभाजनांची दिशा आईने अंड्यात ठेवलेल्या द्रव्यांवर अवलंबून असते. 1923 मध्ये हे कोडे उलगडले.

शृंगाश्वात ‘वा’ म्हणजे उजवे वळण आणि ‘व’ म्हणजे डावे. आई व/व असेल, तर बाप कोणताही असो, सगळ्या शिंगरांचा पीळ डावा. त्यांपैकी एखाद्या मादीला बापाकडून ‘वा’ मिळाला असेल, तर तिचे स्वतःचे शिंग डावेच राहील, मात्र तिच्या पोटची सगळी शिंगरे उजव्या पिळाची होतील. बापाचे रूप अशा तऱ्हेने त्याच्या लेकीच्या मुलांत जाऊन प्रकट होते. पूर्ण नवख्याने हे जनुक पहिल्या आराखड्यात घेऊ नये. बाकीची पद्धत अंगवळणी पडल्यावर घ्यावे.

पायरी 7: लांबी

लांबीसाठी एकच जनुक ठेवले तर सगळी शिंगे दोन-तीन ठरावीक मापांची होतात आणि कळप कृत्रिम दिसतो. तीन जनुके घ्या, प्रत्येकाच्या वाढ देणाऱ्या प्रतीला एक गुण द्या आणि शून्य ते सहा अशी बेरीज करा. तिन्ही जनुकांत एकेक वाढीची प्रत असलेल्या दोन मध्यम शिंगाच्या आईबापांच्या 64 शिंगरांमागे या सात पातळ्यांचे प्रमाण 1:6:15:20:15:6:1 असे येते. बहुतेक मध्यम आणि टोकाची मोजकीच. त्यावर वय आणि पोषण यांचा परिणाम मिळवा.

अतिलांब शिंग चांगलेच असेल, तर ते सगळ्यांनाच का नसते, याचेही उत्तर हवे. सेंट किल्डा बेटांवरील सोए मेंढ्यांचा दीर्घ अभ्यास इथे मार्ग दाखवतो. त्यांच्यातील ‘आरएक्सएफपी 2’ या जनुकाच्या एका रूपामुळे नरांना मोठी शिंगे येतात आणि त्यांना जास्त पिल्ले होतात. दुसऱ्या रूपामुळे शिंगे लहान राहतात, पण नर जास्त जगतात. दोन्हींची एकेक प्रत असलेल्या नरांना दोन्हींचा लाभ मिळतो, आणि त्यामुळे दोन्ही रूपे टिकून राहतात, असे 2013 मध्ये दाखवले गेले.

पायरी 8: एखाद्या जनुकाला किंमत लावा

ही पायरी ऐच्छिक आहे, तरीही मी ती आवर्जून सुचवतो. शेळ्यांमध्ये भुंडेपण प्रभावी आहे, परंतु त्याच बदलाच्या दोन प्रती मिळालेल्या जनुकीय मादी पिल्लांत नर-मादीची मिश्र लक्षणे येतात आणि ती वांझ होतात. म्हणून जाणते पाळणारे दोन भुंड्या शेळ्या-बोकडांची जोडी टाळतात आणि एक तरी शिंगाचा ठेवतात. एकच बदल एका लक्षणासाठी प्रभावी आणि दुसऱ्यासाठी अप्रभावी असू शकतो, हे यातून शिकावे.

शृंगाश्वात जा/जा गर्भ जगत नाही असा नियम केला, तर काय होते ते पाहा. फ्रेंच शास्त्रज्ञ ल्युसियाँ केनो यांना पिवळ्या उंदरांत 1905 च्या सुमारास असेच 2:1 प्रमाण आढळले होते. प्रत्येक जिवंत एकशिंगी मग जा/ज असतो, दोन एकशिंग्यांच्या जोडीतून दोन एकशिंग्यांमागे एक दुशिंगी येतो, आणि वरच्या चौकटीतील 12:3:1 हे प्रमाण बदलून 9:2:1 होते. एकशिंग्यांचा शुद्ध कळप कोणालाही, कितीही पिढ्या खपल्या तरी, तयार करता येत नाही. हा नियम स्वीकारायचा असेल तर पहिल्या पिढीपासून स्वीकारावा; मध्येच आणला तर आधीच्या नोंदीतील जा/जा प्राण्यांचे काय करायचे, हा प्रश्न सुटत नाही.

पायरी 9: शक्यता वापरा, चाचणी करा, नोंद ठेवा

घोडीला बहुधा एका वेळी एकच शिंगरू होते, म्हणून गुणोत्तर हे हमी म्हणून वाचू नये. दोन्ही आईबाप भ/भ जा/ज असतील, तर एकशिंगी शिंगराची शक्यता दर वेळी चारात तीन असते, आणि आधी काय जन्मले याचा तिच्यावर काही परिणाम होत नाही. सलग चारही शिंगरे एकशिंगी होण्याची शक्यता 256 मध्ये 81 आहे, म्हणजे शंभरात 32 पेक्षाही थोडी कमी. आईबाप पा/प सुद्धा असतील आणि सैल पिळाचे एकशिंगी शिंगरू हवे असेल, तर तीन-चतुर्थांशाला एक-द्वितीयांशाने गुणावे; उत्तर आठात तीन येते. हा गुणाकार जनुके वेगळ्या गुणसूत्रांवर असतानाच चालतो. निकाल ठरवताना फासे किंवा चिठ्ठ्या वापराव्यात, कारण माणसाचे मन नकळत सोयीचेच शिंगरू निवडते.

भुंडी मादी भा/भा आहे की भा/भ, हे कथेतील पात्रांना शोधायचे असेल, तर तिची जोडी शिंगाच्या म्हणजे भ/भ नराशी लावावी. एक जरी शिंगाचे शिंगरू झाले, तर ती भा/भ आहे हे सिद्ध होते. पाच शिंगरे सलग भुंडी झाली, तर ती भा/भ असूनही तसे घडण्याची शक्यता 32 मध्ये एक उरते. संशय जवळजवळ मिटतो, पण पुरता मिटत नाही.

नोंदवहीत प्रत्येक प्राण्यासाठी आई, बाप, दिसणारे शिंग आणि ज्ञात जनुकविधा एवढे लिहावे. जे सिद्ध झालेले नाही तिथे आडवी रेघ ठेवावी, उदाहरणार्थ भा/–. पुढे शिंगरांवरून दुसरी प्रत कळली, की रेघेच्या जागी ती भरावी आणि कोणत्या शिंगरामुळे कळली तेही शेजारी लिहावे, कारण चुकीची भरलेली एक प्रत खालच्या सगळ्या पिढ्यांच्या नोंदी बिघडवते आणि ती कुठे शिरली हे नंतर शोधायचे असेल तर हाच शेरा कामी येतो.